मे महिन्यात शिकलेलं पिल्लू जूनमध्ये घरात शू करायला लागलं तर

माझ्या ओळखीपाळखीत कुत्र्याचं पिल्लू घरी येतं ते बहुतेक एप्रिल-मेमध्ये. पोरांना सुट्टी असते, दिवसभर कोणी ना कोणी घरात असतं, अंगण कोरडं खडखडीत असतं. पिल्लू झोपेतून उठलं की पोरं त्याला उचलून बाहेर नेतात, खाल्लं की पुन्हा नेतात, आणि महिन्याभरात घरचे कौतुकानं सांगायला लागतात, "आमचं लई शहाणं आहे, घरात काही करत नाही." मग जून उजाडतो. शाळा सुरू होते, दुपारचं घर रिकामं पडतं आणि त्याच सुमाराला पाऊस धरतो. सगळं शिकलंय असं वाटणारं तेच पिल्लू सोप्यात, कॉटखाली, देवघराच्या उंबऱ्यापाशी शू करायला लागतं. आजी वैतागतात, सून फडकं घेऊन फिरते, आणि गोष्ट "ज्याचं त्याला परत देऊन टाका" इथपर्यंत जाते.

पिल्लू परत देण्याआधी हे एवढं वाचा. बहुतेक वेळा ते विसरलेलं नसतं आणि हट्टालाही पेटलेलं नसतं. कोरडं अंगण आणि भरलेलं घर यांच्या आधारावर त्याला ते जमत होतं. तो आधार एकदम निघाला. म्हणून तोच आधार पुन्हा द्यायचा आणि या खेपेला एकेक करून काढायचा. पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

आधी दुखणं नाही ना, ते बघा

सवय मोडली असं ठरवण्याआधी पिल्लू आजारी नाही याची खात्री करा. थेंब थेंब शू, पुन्हापुन्हा बसणं, बसून जोर लावणं, शूमध्ये रक्त, शूची जागा सतत चाटणं, ही मूत्रमार्गाच्या संसर्गाची लक्षणं आहेत. मादी पिल्लांत हा त्रास जास्त आढळतो. अशा पिल्लाला कितीही शिकवलं तरी ते धरून ठेवू शकत नाही. सकाळची ताजी शू स्वच्छ कोरड्या डबीत धरा आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांना दाखवा. मादी पिल्लू शू करायला बसलं की मागून चपटी वाटी सरकवली तर नमुना मिळतो. एकदम खूप पाणी प्यायला लागलं असेल तर तेही सांगा.

पातळ शी होत असेल तर आधी खाण्याकडे बघा. आपल्याकडे पिल्लाला म्हशीचं दूध पाजण्याची हौस फार. कोल्हापुरातल्या गंगावेशीतलं कट्ट्यावरचं धारोष्ण दूध माणसाच्या तब्येतीला कितीही मानवत असलं, तरी आईचं दूध सुटलेल्या पिल्लाच्या पोटाला ते जड जातं. दुधातली साखर बऱ्याच पिल्लांना पचत नाही आणि जुलाब होतात. रविवारचा उरलेला तांबडा-पांढरा तर द्यायचाच नाही. त्यातला कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी आहेत आणि शिजलेली हाडं तुटून आतड्याला टोचतात. खाणं बदलायचं असेल तर आठवडाभरात थोडं थोडं करून बदला. जंतांचं औषध डॉक्टर सांगतील त्या वेळापत्रकानं द्या. साधारणपणे पिल्लू तीन महिन्यांचं होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला ते देतात. पिल्लांच्या पोटातले जंत लहान मुलांनाही होऊ शकतात, म्हणून शी उचलल्यावर साबणानं हात धुतलेच पाहिजेत.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. उलट्या, रक्ताची घाणेरड्या वासाची पातळ शी आणि मलूल पडलेलं पिल्लू, हे पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार, असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. "सकाळी बघू" म्हणण्यात पिल्लू हातचं जातं.

तीन दिवस नुसतं लिहून काढा

दुखणं नसेल तर पुढचे तीन दिवस काहीही बदलू नका, फक्त लिहा. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर उत्तम, कारण ते सगळ्यांच्या नजरेसमोर असतं. प्रत्येक चुकीपुढे तीन गोष्टी: वेळ, जागा आणि त्याआधी पिल्लू काय करत होतं. "दु. ३.१०, कॉटखाली, झोपून उठलं." एवढंच. ज्याच्या नजरेला पडेल त्यानं लिहायचं, पोरांनी सुद्धा.

घरातल्यांना वाटत असतं की पिल्लू "कुठंही, कधीही" करतं. कागदावर उतरलं की दिसतं, तसं नाही. चुका एकाच कोपऱ्यात असतील तर तिथं वास राहिलाय. झोप, खाणं आणि खेळ यांच्या मागोमाग असतील तर तुमच्या बाहेर नेण्याच्या वेळा चुकतायत. पायपुसणं, गादी, सतरंजी अशा मऊ गोष्टींवरच असतील तर पिल्लाच्या पायाला तो पृष्ठभाग "शूची जागा" म्हणून पक्का झालाय. पाहुणे आल्यावर किंवा कोणी आवाज चढवल्यावर होत असेल तर तो प्रश्न सवयीचा नाहीच, त्यावर पुढे लिहिलंय. आणि सगळ्या चुका दुपारी १२ ते ५ मध्ये असतील तर उत्तर सरळ आहे: त्या वेळात घरी कोणी नसतं.

पिल्लाची क्षमता किती, हेही इथं लक्षात घ्या. ढोबळ हिशेब असा, की जितक्या महिन्यांचं पिल्लू, त्यात एक मिळवून जेवढे तास येतील तेवढं ते जास्तीत जास्त धरू शकतं. तीन महिन्यांचं असेल तर फार तर चार तास, तेही शांत झोपलेलं असताना. जागं आणि खेळत असताना तासाभरातसुद्धा लागते. सकाळी ११ ला घर बंद करून ५ ला उघडणाऱ्यांनी चार महिन्यांच्या पिल्लाला दोष देऊ नये.

आणखी एक कारण कागदावर दिसत नाही, पिल्लाच्या जन्मापासून येतं. भारतात २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तरी बाजारात महिन्याभराची पिल्लं सर्रास हातात दिली जातात. जे पिल्लू छोट्या पिंजऱ्यात स्वतःच्याच घाणीत झोपत वाढलं, त्याची झोपायची जागा स्वच्छ ठेवण्याची उपजत ओढ कमी झालेली असते. असं पिल्लू शिकतं, नक्की शिकतं, पण त्याला दुप्पट वेळ लागतो. शेजारच्यांच्या पिल्लाशी त्याची तुलना करू नका.

वास मुळापासून काढणं

शिवाजी पेठेतल्या एका जुन्या घरातलं सांगतो. शहाबादी फरशीचं घर, वहिनी दिवसातून तीनदा फिनेलनं पुसायच्या, आणि पिल्लू तरीही कॉटच्या पायापाशीच जायचं. मी जमिनीवर बसून बघत राहिलो. पिल्लू उठलं, आळस दिला, नाक खाली घालून दोन फरश्यांमधल्या सांध्यावरून सरळ रेषेत चालत गेलं, कॉटच्या पायाशी थांबलं, स्वतःभोवती फिरलं आणि बसलं. फरशी लखलखीत होती, पण सांध्यातलं सिमेंट झिजून तिथं बोटाच्या पेराएवढी खाच पडली होती आणि पुसण्याचं पाणी दर वेळी त्या खाचेतच जाऊन बसत होतं.

फिनेलचा वास आपल्या नाकाला झाकून टाकतो, कुत्र्याच्या नाकाला नाही. शिवाय फिनेलसारखी जंतुनाशकं पंजाला लागून चाटली गेली तर पिल्लाला अपाय करतात. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी ताज्या शूवर ओतू नका, शूतल्या अमोनियाशी मिसळून त्याचा डोळ्या-छातीला झोंबणारा वायू होतो. आणि शहाबादी किंवा कोटा फरशी असेल तर व्हिनेगर, लिंबू, अॅसिड यांपैकी काहीच नको. हे दगड चुनखडीचे आहेत, आम्लानं त्यांचा वरचा थर खरवडला जातो आणि मग फरशी आणखी शोषते.

करायचं असं. आधी रद्दी किंवा जुन्या सुती फडक्यानं शू दाबून टिपून घ्या. घासू नका, घासल्यानं पसरते. मग साध्या पाण्यानं दोनदा धुवा आणि पाणी टिपून काढा. त्यावर एन्झाइमचं क्लीनर टाका, ते पेट शॉपमध्ये किंवा ऑनलाइन मिळतं. यातली एन्झाइम्स वासाचं मूळच तोडतात, पण त्यांना वेळ लागतो. शिंपडून लगेच पुसलं तर पैसे वाया. बाटलीवर लिहिलेला वेळ जागा ओली राहू द्या. सांध्यात ते जुन्या टूथब्रशनं आतपर्यंत पोचवा आणि मग वाऱ्यावर वाळू द्या. शिवाजी पेठेतल्या त्या घरात शेवटी सांधेच नव्यानं भरून घेतले, तेव्हा कुठं ती जागा सुटली. जुने डाग दिसत नसतील तर रात्री दिवे घालवून छोट्या यूव्ही टॉर्चनं फरशी बघा, शूचे डाग फिकट चमकतात.

पायपुसणी, सतरंज्या, जमिनीवरच्या गाद्या महिनाभर उचलून ठेवा. घर उघडंबोडकं दिसेल, दिसू दे.

मोकळीक आवळा

इथं घरच्यांचं मन सर्वांत जास्त कचरतं. पिल्लू महिनाभर सगळ्या घरात हुंदडलंय, आता त्याला एका खोलीत ठेवायचं म्हणजे शिक्षा वाटते. पण नजरेआड झालेली प्रत्येक चूक ही सवयीची आणखी एक आवृत्ती असते, आणि ती आवृत्ती थांबवल्याशिवाय नवी सवय बसायला जागाच मिळत नाही.

तीन पद्धती आहेत, तिन्ही मिळून वापरा. पिल्लू जागं असेल आणि तुम्ही काम करत असाल तर त्याचा हलका पट्टा तुमच्या कमरेला बांधा. भाजी निवडताना, कपडे घड्या घालताना ते तुमच्याजवळच राहतं, आणि हुंगत गोल फिरायला लागलं की पट्ट्याला ताण येऊन तुम्हाला कळतं. दुसरी, सोप्याचा एक कोपरा जाळी किंवा आडवी फळी लावून बंद करणं. देवघर आणि स्वयंपाकघर यांचा प्रश्नही यानं सुटतो, आणि आजींचा अर्धा राग तिथंच उतरतो. तिसरी, क्रेट, म्हणजे पिल्लाला झोपायचा छोटा पिंजरा. उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल, एवढाच मोठा हवा. फार मोठा असला तर पिल्लू एका टोकाला झोपतं आणि दुसऱ्या टोकाला शू करतं. क्रेटची ओळख खाऊ आत टाकून, दार उघडं ठेवून, रमतगमत करा. रागावून आत कोंडायचं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हाच्या गच्चीवर क्रेट ठेवायचा नाही. आणि वरच्या तासांच्या हिशेबापेक्षा जास्त वेळ कधीच नाही, कारण एकदा नाइलाजानं आत शू केली की क्रेटचा उपयोग संपतो.

वेळापत्रक, आणि बाहेर गेल्यावर नेमकं काय करायचं

शाळा सुरू झालेल्या घरासाठी हे असं बसवता येतं. सकाळी ६ ला डोळे उघडताच बाहेर. चहा-आंघोळीची गडबड सुरू होण्याआधीच. ६.३० ला खाणं, पंधरा मिनिटांत वाटी उचलायची, उरलं तरी. खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत शी होतेच, कारण पोटात अन्न गेलं की आतडी आपोआप हलतात, तेव्हा ६.४५ ला पुन्हा बाहेर. पोरं शाळेला जाताना एकदा. मग आजी-आजोबा घरी असतील तर दर दीड-दोन तासांनी, प्रत्येक झोपेनंतर आणि प्रत्येक दंग्यानंतर. दुपारचं खाणं १ ला, रात्रीचं ७ ला. शेवटची फेरी १०.३० ला आणि लहान पिल्लू असेल तर पहाटे ३ च्या सुमाराला गजर लावून एक. त्या पहाटेच्या फेरीत बोलायचं नाही, मोठे दिवे लावायचे नाहीत, खेळायचं नाही. नाहीतर रोज ३ वाजता पिल्लू खेळायला उठवेल.

दुपारी घरी कोणीच नसेल तर शेजाऱ्यांना विचारा. समोरच्या काकू, खालच्या मजल्यावरचे निवृत्त आण्णा, कॉलेजला जाणारा कोणी पोरगा. "काकू, दोनच आठवडे, रोज दीड वाजता पाच मिनिटं" असं नेमकं सांगितलं की आपल्याकडे माणसं नाही म्हणत नाहीत. तेही जमणार नसेल तर क्रेटऐवजी बंद कोपरा ठेवा, त्यात एका टोकाला अंथरूण आणि दुसऱ्या टोकाला माती भरलेला ट्रे (तो कसा करायचा, ते पुढे पावसाच्या भागात आहे).

पाणी तोडू नका. शू कमी व्हावी म्हणून दिवसा पाण्याची वाटी काढणारे लोक मी बघितलेत. त्यानं पिल्लू आजारी पडतं आणि शिकत काहीच नाही.

आता बाहेर गेल्यावरचं. पट्टा लावूनच न्या, स्वतःच्या अंगणात सुद्धा, आणि रोज एकाच जागी. नुसतं सोडलं तर ते गोगलगाय बघेल, कुंडी उकरेल आणि शू घरात येऊन करेल. जागेवर गेलात की गप्प उभं राहा. पिल्लू बसलं की एकच शब्द हळू म्हणा, घरातल्या सगळ्यांचा तोच शब्द हवा. "शू कर", "चल बाळा", काहीही, पण एकच. उठल्या क्षणी, तिथंच, उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा. घरात येऊन दिलेला खाऊ पिल्लाच्या हिशेबी घरात येण्याचं बक्षीस ठरतो, म्हणून खाऊ खिशात घेऊनच बाहेर पडा. आणि खाऊ दिल्यावर लगेच आत ओढू नका. दोन मिनिटं हुंगू द्या, खेळू द्या. शू केली की मजा संपते हे एकदा कळलं, की पिल्लू मुद्दाम धरून ठेवायला शिकतं.

पाच मिनिटांत काही केलं नाही तर? बहुतेकांचं गाडं इथं अडतं. "वीस मिनिटं बाहेर उभी होते, काही केलं नाही, आत आल्या आल्या केली" हे वाक्य मी असंख्य घरांत ऐकलंय. काही न करता आत आलेलं पिल्लू म्हणजे भरलेलं पिल्लू. त्याला मोकळं सोडायचंच नाही. मांडीवर घ्या किंवा क्रेटमध्ये ठेवा, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा त्याच जागी न्या. गरज पडली तर तिसऱ्यांदा. शेवटी ते बाहेर करतं, खाऊ मिळतो, आणि मग अर्धा तास घरात मोकळीक. मोकळीक ही शू बाहेर केल्यानंतरच मिळते, हा धडा पिल्लाला सर्वांत लवकर कळतो.

लसीकरण पूर्ण व्हायच्या आधी ही जागा स्वतःच्या आवारातलीच हवी. पार्व्होचा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो. रंकाळ्याच्या काठावर, मोकळ्या प्लॉटवर, गल्लीच्या कोपऱ्यावर, जिथं भटकी कुत्री येतात तिथं पिल्लाला खाली उतरवू नका. साधारण चार महिन्यांच्या सुमाराला लसींचा क्रम पूर्ण होतो. बाहेर कधी न्यायचं ते लस देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.

आणि पाऊस

कोल्हापूरचा जुलै म्हणजे दिवसेंदिवस उघडीप नसते. पिल्लू उंबऱ्यावर येतं, पुढचा एक पंजा ओल्या फरशीवर टेकवतं, लगेच उचलून झटकतं, तुमच्या तोंडाकडे बघतं आणि मागे फिरतं. पत्र्यावर सर आदळते तो आवाज, गार चिखल, पोटाला लागणारं ओलं गवत, हे सगळं त्याच्या उन्हाळ्यातल्या अंगणात नव्हतंच. त्याच्या दृष्टीनं ती जागाच नाहीशी झाली. दार उघडून "जा" म्हणून एकट्याला बाहेर ढकललं तर ते दाराला चिकटून उभं राहतं आणि आत घेतल्यावर मोकळं होतं.

म्हणून पाऊस लागण्याआधी, किंवा लागला असेल तर आजच, छपराखालची एक जागा तयार करा. जिन्याखाली, पोर्चमध्ये, परसातल्या पत्र्याखाली, फ्लॅट असेल तर बाल्कनीत. प्लास्टिकचा पसरट ट्रे किंवा जुनी परात घ्या, तळाला चार भोकं पाडा, त्यात अंगणातलीच माती आणि वर गवताचा एक तुकडा मुळांसकट ठेवा. नर्सरीत लॉनचे चौकोन मिळतात. पिल्लानं शू केलेला कागदाचा तुकडा त्या मातीत दाबून ठेवा, म्हणजे वास सांगेल की जागा हीच. पहिले काही दिवस ट्रेपाशी पट्टा धरून तुम्ही उभं राहायचं, बाकी शब्द, खाऊ, सगळं तसंच. शी रोज उचला, माती आठवड्यानं बदला, पण बदलताना जुन्या मातीची मूठभर ठेवा.

ज्यांनी सुरुवातीपासून रद्दीवर शिकवलंय, त्यांनी पावसात कागद मुळीच काढू नये. कागद दारापाशी, मग उंबऱ्याबाहेर, मग छपराखाली, असा रोज हातभर सरकवत न्या. एका दिवसात खोली ओलांडायला लावली तर पिल्लू जुन्या जागी परतणार.

ओल्याची भीती घालवायचा सरावही करता येतो. घरात कोरड्यात छत्री उघडून जमिनीवर ठेवा, भोवती खाऊ टाका, पिल्लाला हुंगू द्या. दुसऱ्या दिवशी छत्री हातात धरून खोलीत फिरा. मग मोरीतल्या ओल्या फरशीवर खाऊ द्या. मग रिपरिप असताना अंगणात दोन मिनिटं छत्रीखाली. मुसळधार सरीपासून सुरुवात करायची नाही. आत आलं की जुन्या टॉवेलनं पंजे, बोटांमधल्या खाचा आणि पोट कोरडं करा. टॉवेलात गुंडाळून पुसून घेणं पिल्लांना फार आवडतं, आणि मग पावसात जाणं त्यांना तेवढं वाईट वाटत नाही. साचलेल्या पाण्यातून नेऊ नका, त्यातलं पाणी पिऊ देऊ नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. त्याची लस दिलीय का, ते कार्डावर बघा.

नदीकाठच्या वस्त्यांत राहणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुरानं कित्येकांना घर सोडायला लावलं, कुत्र्या-मांजरांसकट. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की आपण कागदपत्रं बांधतो. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट न बघता त्याच पिशवीत पिल्लाचं कार्ड, पट्टा, न धुतलेलं अंथरूण आणि शूच्या ट्रेतली थोडी माती प्लास्टिकमध्ये बांधून घ्या. नातेवाइकांच्या घरी पोचल्यावर पिल्लाला काहीच येत नाही असं धरून पहिल्या दिवसापासून सुरू करा: एकच खोली, पट्टा कमरेला, ओळखीची माती, ओळखीचा शब्द. परक्या घरात पिल्लानं घाण केली की नातेवाइकांसमोर आपली पंचाईत होते आणि तो राग पिल्लावर निघतो. आधीच आवळून ठेवलं तर ती वेळ येत नाही.

नाक घासू नका, मारू नका

घरात केलेल्या शूवर नाक घासायची पद्धत अजून घरोघरी आहे. वडीलधारी माणसं सांगतात, "एकदा नाक घासलं की परत करत नाही." होतं उलटं. पिल्लू शिक्षेचा संबंध त्या क्षणाशी जोडतं, दहा मिनिटांपूर्वीच्या शूशी नाही. त्याला एवढंच कळतं की माणूस जवळ असताना शू करणं धोक्याचं. मग ते कॉटखाली, कपाटामागे, लपून करायला लागतं, आणि बाहेर पट्ट्यावर तुमच्यासमोर करेनासं होतं. तुम्ही स्वतःच बाहेरचा रस्ता बंद केलेला असतो. त्याचा "अपराधी" चेहरा म्हणजे तुमचा चढलेला आवाज आणि वाकलेलं अंग बघून आलेली भीती असते.

करताना सापडलं तर हलकी टाळी वाजवा, "चल चल" म्हणा, उचला, जागेवर न्या. उरलेली शू तिथं केली तर खाऊ द्या. नंतर सापडली तर पिल्लाला दुसऱ्या खोलीत ठेवून गुपचूप साफ करा आणि कॅलेंडरवर लिहा.

पाहुणे आल्यावर किंवा तुम्ही घरी आल्यावर शेपटी हलवत, अंग चोरत जी शू होते, ती तर पिल्लाच्या हातातच नसते. ती अतिआनंदाची किंवा "मला मारू नका" अशी विनवणी करणारी असते. रागावलं की ती वाढते. दार उघडल्यावर दोन मिनिटं पिल्लाकडे बघू नका, मग बाजूला तोंड करून खाली बसा, छातीवर हात फिरवा, डोक्यावरून वाकू नका. पाहुण्यांनाही आधीच सांगून ठेवा. बहुतेक पिल्लांचं हे मोठं होता होता सुटतं.

मोकळीक परत कशी द्यायची

दोन आठवडे एकही चूक झाली नाही तर एक खोली उघडा, आणि तीही पिल्लू नुकतंच बाहेर जाऊन आलेलं असताना. चार-पाच दिवस त्या खोलीत तुम्ही सोबत असा. तिथंच खायला द्या, तिथंच खेळा, म्हणजे ती राहण्याची जागा ठरते. मग दुसरी खोली. मध्ये चूक झाली तर एक खोली मागे या, सगळं पहिल्यापासून करायची गरज नाही. सुधारणा आठवड्या-दोन आठवड्यांत दिसायला लागते, पण पूर्ण भरवसा ठेवण्यासारखं व्हायला सहा महिन्यांपासून वर्षभरापर्यंत वेळ लागू शकतो, लहान जातींना जास्तच. सगळं नीट करूनही तीन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर पुन्हा दवाखाना.

सहा महिन्यांच्या पुढे नर पिल्लू पाय वर करून भिंती-खुर्च्यांवर थोडी थोडी शू उडवायला लागलं तर ती आपल्या हद्दीची खूण करणं आहे, सवय मोडणं नव्हे. मादी पहिल्यांदा माजावर येते तेव्हाही ती पुन्हापुन्हा शू करते. दोन्हींबाबत नसबंदीचं डॉक्टरांशी बोला आणि तोवर मोकळीक कमी ठेवा.

गणपतीच्या मिरवणुकीच्या दिवशी, विशेषतः मिरवणूक मार्गाजवळ घर असेल तर, ढोल-ताशे आणि साउंड सिस्टीम सुरू व्हायच्या आत पिल्लाच्या फेऱ्या उरकून घ्या आणि त्याला आतल्या खोलीत, पंखा लावून, सोबत ठेवा. दसऱ्यापर्यंत अंगण सुकतं. मग छपराखालचा ट्रे रोज थोडा थोडा पुढे सरकवत उन्हाळ्यातल्या जुन्या जागेपर्यंत न्या, आणि तिथं आठवडाभर नीट झालं की काढून टाका. दिवाळीत संध्याकाळची फेरी ६ च्या आत, पट्टा दोनदा तपासून. रात्रीच्या फेरीसाठी ट्रे पुन्हा पोर्चमध्ये आणा, कारण फटाक्यांच्या आवाजात अंगणात नेलं तर ते शू करायचं सोडून पळायला बघतं. फटाके थांबल्यावर चार-आठ दिवस अंगणात जायला कचरलं, तर ट्रे तोवर राहू द्या.